चोवीस ग्रॅम पुरे

बंदुकीबद्दल आपल्याकडे एक समज पक्का रुजलेला आहे. दारू जास्त, शिसे जास्त, म्हणजे बार जोरदार; आणि बार जोरदार म्हणजे बंदूक चांगली. कानठळ्या बसल्या आणि खांदा दुखला की पैसे वसूल. रायफलच्या बाबतीत या समजाला थोडाफार आधार तरी आहे, कारण तिथे एकच गोळी लांबवर न्यायची असते. शॉटगनचे काम निराळे. तिच्यातून एका वेळी काहीशे छर्रे सुटतात, ते हवेत पसरतात, आणि किती जोराने सुटले यापेक्षा ते किती सारखे पसरले यावर तिची करामत ठरते. ऑलिम्पिकमधल्या ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्यांच्या स्पर्धांत काडतुसातल्या शिशाला २४ ग्रॅमची मर्यादा आहे. पूर्वी ती ३६, नंतर ३२, मग २८ अशी उतरत आली. प्रत्येक कपातीला कुरकुरीची साथ मिळाली: बंदुकीचे पंख छाटले, खेळातला दम गेला, वगैरे. माझ्या मते ही कपात योग्य होती. एवढेच नव्हे, तर ती अर्धवट राहिली. शिशाला लगाम घातला, पण दारूला मोकळे सोडले; आणि ‘जास्त म्हणजे चांगले’ हा जुना हव्यास शिशाच्या दारातून बाहेर पडून दारूच्या खिडकीतून पुन्हा आत शिरला.

काडतुसाच्या आत काय घडते ते आधी पाहायला हवे. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल अशी नळी. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. ट्रॅपच्या काडतुसात साधारण मोठ्या मोहरीएवढे, २.४ मिलिमीटर व्यासाचे छर्रे असतात. २४ ग्रॅममध्ये ते जवळपास ३०० बसतात, ३६ ग्रॅममध्ये ४५०. त्यांच्या मागे प्लॅस्टिकचा वॉड, म्हणजे मधला बूच, आणि त्याच्या मागे दीडेक ग्रॅम दारू. लोक समजतात की दारू आणि शिसे या दोन सुट्या गोष्टी आहेत, एक वाढवली तर दुसरीला काही होत नाही. प्रत्यक्षात शिशाचे वजन हेच दारूच्या वायूला अडवणारे झाकण असते. झाकण जड झाले की दाब वाढतो, आणि बिनधुराची दारू दाब वाढला की आणखी वेगाने जळते. म्हणून दारू तेवढीच ठेवून शिसे वाढवले, तर दाब शिशाच्या हिशेबापेक्षा जास्त चढतो. नेहमीच्या बारा बोअर काडतुसाला युरोपीय मानकात ७४० बारची सीमा आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशेहून अधिक पट. या रेट्याने छर्ऱ्यांचा सगळा गठ्ठा क्षणात पुढे ढकलला जातो, तेव्हा सर्वांत मागचे छर्रे पुढच्यांच्या वजनाखाली चेपतात. शिसे मऊ धातू. त्यात अँटिमनी मिसळून ते कडक करतात, पण किती म्हणून करणार? चेपलेला छर्रा सरळ जात नाही. तो भरकटतो, मागे पडतो, आणि हिशेबात असूनही कामाचा राहत नाही. शिसे वाढवा, गठ्ठा लांब होतो आणि मागचे जास्त चेपतात. दारू वाढवा, रेटा वाढतो आणि पुन्हा जास्तच चेपतात. १९६०च्या दशकात छर्ऱ्यांना वाटीत घेणारे प्लॅस्टिकचे वॉड आले, नळीच्या भिंतीशी होणारी घासाघीस थांबली आणि पसारा खूप सुधारला. शॉटगनच्या काडतुसातली गेल्या शतकातली सर्वांत मोठी सुधारणा कोणती असे विचारले तर मी याच वॉडकडे बोट दाखवीन. तिच्यात दारूचा कण वाढलेला नाही आणि शिशाचाही नाही.

काळ्या दारूच्या काळात दारू ‘ड्रॅम’मध्ये मोजत. एक ड्रॅम म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. काळी दारू काडतुसांतून जाऊन शतक उलटले, तरी अमेरिकी काडतुसांच्या खोक्यांवर अजून ‘अमुक ड्रॅमच्या तोडीचे’ असे छापलेले आढळते. आत नसलेल्या दारूचे वजन बाहेर. गिऱ्हाइकाला जोराचा आकडा लागतो, आणि तो द्यायला कारखानदार कधीच मागे हटलेला नाही. आजचा आकडा वेगाचा आहे. शिसे २४ ग्रॅमच्या वर नेता येत नाही, मग त्याच २४ ग्रॅमला सेकंदाला चारशे मीटर किंवा त्याहून जास्त वेग दिल्याची जाहिरात होते. पण गोल छर्रा हा हवा कापायला अगदी निकामी आकार. त्यातून तो अडीच मिलिमीटरचा, म्हणजे वजन नाममात्र. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास त्याहूनही झपाट्याने वाढतो. परिणाम असा की जास्त वेगाने निघालेला छर्रा आपला जादा वेग आधी गमावतो. नळीच्या तोंडाशी सेकंदाला ४० मीटरची आघाडी असेल, तर ३५ मीटरवर तिच्यातले निम्म्याहून बरेच कमी उरते. तबकडीपर्यंत पोचण्याच्या वेळेत पडणारा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी. नेमबाज स्वतः तबकडी दिसल्यापासून चाप ओढेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद घेतो, आणि त्याच्या त्या वेळेत फेरीगणिक होणारी कमीजास्त याहून कितीतरी मोठी असते. एवढ्याशा लाभासाठी आपण दाब वाढवतो, छर्रे चेपतो आणि खांद्याला मार देतो.

आता पुराव्याकडे येऊ. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या आंजेलो स्काल्झोनेने ट्रॅपमध्ये २०० पैकी १९९ तबकड्या फोडल्या. त्या वेळी काडतूस आजच्याहून जड होते, आणि हा आकडा जड काडतुसाच्या बाजूने सहज उभा करता येईल. पण पुढच्याच, १९७६च्या माँट्रियलमध्ये सुवर्णपदक मिळाले १९० ला. १९८४च्या लॉस एंजेलिसमध्ये लुचियानो जोव्हानेत्तीला १९२ पुरले. मग शिसे घटत गेले. १९९६च्या अटलांटात २४ ग्रॅमच्या काडतुसाने ऑस्ट्रेलियाच्या मायकेल डायमंडने १५० पैकी १४९ फोडल्या. २००४च्या अथेन्समध्ये रशियाच्या अलेक्सी अलिपोव्हनेही १४९. इटलीच्या जोव्हानी पेलिएलोने १९९४ मध्येच १२५ पैकी १२५ केले होते. टोकियोत स्लोव्हाकियाच्या झुझाना रेहाक श्तेफेचेकोव्हाने महिलांच्या पात्रता फेरीत १२५ पैकी १२५ तबकड्या फोडल्या आणि पुढे सुवर्ण घेतले. आजच्या पात्रता फेऱ्यांत एखादी तबकडी सुटली तरी क्रम घसरतो. म्हणजे शिसे एक तृतीयांशाने उतरले, आणि गुण जिथे होते तिथेच राहिले किंवा वर गेले.

यावर आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. या पन्नास वर्षांत फक्त शिसे बदलले का? बंदुका सुधारल्या, वॉड सुधारले, चोकची, म्हणजे नळीचे तोंड आवळण्याची, कला पुढे गेली, नेमबाज वर्षभर तेवढेच करणारे व्यावसायिक झाले. तेव्हा गुण वाढले ते यामुळे, आणि जड काडतूस दिले असते तर आणखी वाढले असते. पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. या आकड्यांवरून शिशाच्या वजनाचा काहीच परिणाम होत नाही असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की अडचण शिशाची नव्हती. शिसे कमी करूनही बाकीच्या गोष्टींनी खेळ वर नेला. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र आकड्यांत नाही, पसाऱ्याच्या भूमितीत आहे.

शॉटगनचा पसारा मोजायची जुनी पद्धत अशी: चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद लावायचा, एक बार मारायचा, छिद्रांच्या सर्वांत दाट भागाभोवती तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढायचे आणि आतली छिद्रे मोजायची. पूर्ण चोक असलेली नळी, म्हणजे जिचे तोंड सुमारे एका मिलिमीटरने आवळलेले आहे ती, सत्तर टक्के छर्रे या वर्तुळात ठेवते; सरळ नळी चाळीसच्या आसपास. पण वर्तुळात ते सगळीकडे सारखे पडत नाहीत. मध्ये दाटी, आणि कडेकडे झपाट्याने विरळ. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची, उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर, आणि ट्रॅपमध्ये ती पाठमोरी पळत असल्याने बहुतेक वेळा तिची कडच दिसते. ती खात्रीने फुटायला पसाऱ्याची ठरावीक दाटी लागते. आता ढोबळ हिशेब करू. तीस मीटरवर पूर्ण चोकच्या नळीतून २४ ग्रॅमने अशी दाटी मधल्या साधारण तेवीस सेंटीमीटर त्रिज्येत मिळते असे धरले, तर ३६ ग्रॅमने ती एकोणतीसच्या आसपास जाते. शिसे दीडपट, लाभ सहा सेंटीमीटर, आणि तोही छर्रे मुळीच जास्त चेपले नाहीत असे मानून. हे सहा सेंटीमीटर नेमाच्या भाषेत किती होतात? तीस मीटरवर एका अंशाची चूक बावन्न सेंटीमीटर दूर नेते. म्हणजे जड काडतूस अंशाच्या नवव्या भागाएवढी चूक पोटात घालते. ज्याचा नेम एक अंश चुकला त्याला २४ ग्रॅम वाचवत नाहीत आणि ३६ ग्रॅमही वाचवत नाहीत. त्याला सराव हवा, नाहीतर खांद्याला नीट बसणारा दस्ता हवा. अर्थात अंशाचा नववा भागही शून्य नव्हे. उच्च पातळीवर पदक तेवढ्याने हुकू शकते, हे मी नाकारत नाही. पण मर्यादा सगळ्यांना सारखीच असल्याने तिथे अन्याय कोणावरच होत नाही.

शिवाय या सहा सेंटीमीटरची किंमत खांदा मोजतो. काडतूस पुढे जितका संवेग नेते तितकाच बंदुकीला मागे मिळतो, आणि धक्क्याची ऊर्जा त्या संवेगाच्या वर्गाने वाढते. वेग तोच ठेवून शिसे दीडपट केले तर धक्का दीडपट होत नाही, दुपटीच्या वर जातो. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांच्या नावाने एक ठोकताळा प्रसिद्ध झाला: बंदूक शिशाच्या ९६ पट जड असावी. २४ ग्रॅमला हा ठोकताळा २.३ किलोची बंदूक मागतो, ३६ ग्रॅमला जवळपास साडेतीन किलोची. आजची ट्रॅपची बंदूक साडेतीन ते चार किलोची असते, म्हणजे २४ ग्रॅमचा धक्का तिच्या पोटात आरामात मुरतो. ही चैन नव्हे. पात्रता फेरी १२५ तबकड्यांची, ट्रॅपमध्ये प्रत्येकीला दोन बारांची मुभा, आणि सरावाच्या फैरी वेगळ्या. शेवटच्या पंचवीस तबकड्यांच्या वेळी शरीर धक्क्याची वाट पाहू लागते. चाप ओढण्याआधी डोळा मिटतो, गाल दस्त्यावरून उचलला जातो. तिथे अंशाचा नववा भाग नव्हे, पुरता एक अंश जातो. हलक्या काडतुसाने हा खेळ दणकट खांद्यांच्या मक्तेदारीतून सोडवला, आणि मुली व किशोर नेमबाज यांना सुरुवातीपासून नीट सवयी लावण्याची सोय केली. ऑलिम्पिकमध्ये २००० पासून ट्रॅप आणि स्कीटमध्ये महिलांच्या स्वतंत्र स्पर्धा आहेत आणि त्यांनाही तेच २४ ग्रॅम आहेत. अवजार एकच असल्यामुळे कोणाचे गुण कोणाशी ताडायला संकोच नाही.

आपल्याकडे हा विषय अंगणातला वाटत नाही. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही महाराष्ट्राची मोठी नावे रायफल-पिस्तुलाची. शॉटगनची भारतीय नावे बिकानेरचे महाराजा करणी सिंग, २००६ चा विश्वविजेता मानवजित सिंग संधू, अथेन्सचे रौप्यविजेते राज्यवर्धन राठोड अशी. म्हणजे राजघराणे, सैन्य किंवा ऐपतदार घर. एअर रायफलचा छर्रा आणि शॉटगनचे काडतूस यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि काडतुसाच्या किमतीत शिशाचा वाटा मोठा. मराठी मुलांना या खेळात आणायचे असेल तर हलके काडतूस हा उपकार समजायला हवा. बारा बोअरची काडतुसे बनवणारा दारूगोळा कारखाना पुण्याच्या खडकीतच आहे, हे जाता जाता.

अंगणातली शॉटगन आपल्याकडे आहे ती कोकणात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. तिथे अजून ठासणीच्या बंदुका आहेत, आणि तिथे दारूचे माप कारखान्याच्या हातात नसून ठासणाऱ्याच्या मुठीत असते. म्हणूनच ‘जास्त म्हणजे चांगले’ हा समज तिथे नुसता चुकीचा राहत नाही, धोक्याचा होतो. सरळ नळीत दारू वाढवली की वायू छर्ऱ्यांच्या गठ्ठ्यात घुसून त्याला मधून उधळतो. कडेला छर्रे आणि मध्ये भोक असा पसारा पडतो. आवाज मोठा, मारा फुसका. आणि जुनी, आतून गंजलेली नळी तो दाब सोसेलच याची हमी कोण देणार? काडतुसाच्या बंदुकीतही हेच: काडतुसाचे घर पासष्ट मिलिमीटरचेच असलेल्या जुन्या दुनळीत लांब काडतूस घातले, तर त्याच्या उघडणाऱ्या तोंडाला जागा कमी पडते आणि दाब चढतो. परवाना देताना बंदूक पाहतात, पण ती कोणत्या काडतुसासाठी बनली हे मालकाला कोणी समजावून सांगत नाही. इथे कोणी म्हणेल, रानडुकराला पळवायला नाजूक हिशेब कशाला, दणका हवा. दणका हवा हे खरे. पण पळवायला आवाज पुरतो, आणि तो योग्य मापाच्या दारूतही पुरेसा असतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो भविष्याचा आहे. शिसे विषारी आहे. एका नेमबाजाच्या १२५ काडतुसांतून तीन किलो शिसे मैदानात पडते. डेन्मार्कने १९९६ मध्ये शिशाचे छर्रे बंद केले, युरोपीय संघात पाणथळ जागी ते २०२३ पासून वापरता येत नाहीत, आणि क्रीडामैदानांची पाळी आज ना उद्या येणार. मग पोलादी छर्रे आले तर? पोलादाची घनता शिशाच्या सुमारे सत्तर टक्के. त्याच आकाराचा छर्रा हलका, म्हणून लवकर मंदावणारा. मग २४ ग्रॅम कसे पुरतील, दारू वाढवावीच लागेल, असे म्हटले जाते. मला हे पटत नाही. पोलाद चेपत नाही, म्हणजे शिशाच्या काडतुसात वाया जाणारे छर्रे इथे कामाला येतात. पसारा आपसूक घट्ट होतो आणि चोक सैल ठेवता येतो. हलकेपणावर इलाज वेगाचा नव्हे, आकाराचा: छर्रा थोडा जाड घ्यावा. आंतरराष्ट्रीय नियमात छर्ऱ्याच्या व्यासाला आज २.६ मिलिमीटरची सीमा आहे. पोलाद आले तर ती किंचित वाढवणे हा साधा, स्वस्त आणि खांद्याला न दुखवणारा उपाय आहे. पण त्याबरोबर दुसरी सीमाही घातली पाहिजे, जी शिशाच्या काळात घालायची राहून गेली: नळीबाहेरच्या वेगाची. अमेरिकेत ट्रॅपच्या खेळात वजनाच्या जोडीला दारूच्या जोराचीही मर्यादा जुनी आहे, तेव्हा हे कोणाला नवे नाही. वेग मोजायची यंत्रे प्रत्येक काडतूस कारखान्यात आहेतच. शिशाची घडी मोडून नियम नव्याने लिहायला बसतील तेव्हा वजन, व्यास आणि वेग या तिन्ही ओळी एकाच पानावर याव्यात.